सुटलेली एक्केचाळीस घरं

मिरानूक, व्हिक्टोरिया
१४ फेब्रुवारी २०२३

प्रिय मेरेओनी,

तू बरी असशील, आईंची तब्येतही ठीक असेल. त्यांना माझी आठवण सांग, अजून आठवत असेन तर.

अकरा वर्षांनी आलेलं पत्र. तू आधी पाकिटामागचं नाव वाचलं असशील आणि मग ते बराच वेळ टेबलावर तसंच पडू दिलं असशील. पत्ता तुझ्या भाचीने दिला. लिटिया हॉर्शमला वृद्धाश्रमात कामाला आहे हे मला मागच्या महिन्यातच कळलं. पत्ता देताना तिने मला दोनदा विचारलं, “नक्की कशासाठी हवाय?” मी म्हटलं, ख्यालीखुशाली कळवायची आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की तुझीच आठवण झाली.

तर ख्यालीखुशाली. इथे आठवडाभर पारा चाळिसाच्या खाली आला नाही. गहू यंदा चांगला झाला. बेकरी बंद पडली, आता पाव पेट्रोल पंपावर मिळतो आणि तो मिळतो तसाच लागतो. माझा डावा गुडघा बदलला. उजवा म्हणतो, माझं काय? एकाहत्तर पूर्ण झाली, तरी मी अजून त्याच काउंटरमागे, त्याच खिडकीपाशी बसते. खुर्ची तेवढी नवीन आहे.

दवाखाना मात्र आपला राहिला नाही. बॅलराटच्या एका कंपनीने घेतला. दोन तरुण डॉक्टर आळीपाळीने येतात, मुलं चांगली आहेत, पण कोणाच्या घरी किती पाऊस झाला ते विचारत नाहीत. आठवतं ना? आपले डॉक्टर ट्रेलोर नाडी धरायच्या आधी विचारायचे, “तुमच्या बाजूला किती पडला?” आणि शेतकरी छातीतली कळ विसरून मिलिमीटर सांगत बसायचा. डॉक्टर म्हणायचे, पावसाबद्दल माणूस कसा बोलतो त्यावरून मला त्याची झोप कळते.

कंपनीने केटलिन नावाची एक मुलगी पाठवली आहे. तिचं काम म्हणजे पेशंट किती टिकले आणि किती सुटले याचा हिशोब लावणं. मला म्हणाली, “ग्लेनिस, पंधरा वर्षांची कार्डं आणि कॉम्प्युटर दोन्ही ताडून बघायचंय. तुम्ही फक्त चार रकाने भरा. नाव, शेवटची भेट, येणं बंद होण्याचं कारण, परत येतील का.”

मी म्हटलं, “आणि मेलेल्यांचं काय?”

“त्यांचा वेगळा रंग आहे,” ती म्हणाली. चेष्टेत नाही, खरंच. राखाडी.

म्हणून गेले तीन आठवडे मी मागच्या खोलीत ती तपकिरी कार्डं घेऊन बसते. तुझं अक्षर प्रत्येक दुसऱ्या कार्डावर आहे. ‘डावा दंड, रडला नाही, दोन बिस्किटं.’ असं कुठल्या नर्सने लिहिलं असेल गं! सोमवारची रक्त द्यायची रांग आठवते, उपाशीपोटी कुरकुरणारे म्हातारे, आणि तू आत तुमच्या बेटावरचं चर्चमधलं गाणं म्हणत असायचीस. रांगेतला आवाज हळूहळू बंद व्हायचा. क्लॅरी पोलनर तर सुई टोचून झाली तरी उठायचा नाही, कडवं संपू दे म्हणायचा. आणि पानगळीत डॉक्टर त्यांच्या झाडाची ती दगडासारखी क्विन्सची फळं टोपलीभर आणायचे, तू ती नारळाच्या दुधात शिजवलीस आणि चहाच्या खोलीत आपण तिघं बशा चाटूनपुसून बसलो होतो. पेशंट दाराबाहेर खोळंबलेले. मला वाटतं, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं होती. तेव्हा मी तसं म्हटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्या यादीत मला टोचली. एरवी वर्षाला पाच-सहा घरं सुटतात. कोणी मेलबर्नला मुलाकडे जातं, कोणी शेत विकतं. पण २०११चा जूनमधला हिवाळा ते पुढच्या वर्षीचा ऑक्टोबरमधला वसंत, एवढ्यात एक्केचाळीस घरं सुटली. गाव सोडून नाही. माणसं इथेच आहेत, बाजारात रोज भेटतात. फक्त दवाखान्यात यायची बंद झाली.

केटलिनने पडद्यावर बोट ठेवलं. “इथे काय झालं होतं?”

“पूर आला होता त्या वर्षी,” मी म्हणाले.

“पुरामुळे लोक डॉक्टर बदलतात?”

मी कारणाच्या रकान्यात एक्केचाळीस वेळा ‘माहीत नाही’ लिहिलं. तिने ते तसंच परत पाठवलंय. म्हणते, एकेकाला फोन करा.

उद्यापासून फोन करायचे आहेत. तुला का लिहिते आहे ते मलाही नीटसं माहीत नाही. म्हणजे, आहे. पण आज राहू दे. उन्हाने डोकं चढलंय.

उत्तर पाठवलंच पाहिजेस असं काही नाही.

चहाच्या खोलीतली तुझी,
ग्लेनिस


मिरानूक
२ एप्रिल २०२३

प्रिय मेरे,

तुझं उत्तर आलं नाही, आणि ते बरोबरच आहे. तरी लिहिते.

एकोणतीस फोन झाले, आणि बाकीच्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आले. पहिल्यांदा एल्सा नोस्केकडे गेले. तू होतीस तेव्हा तिचा बर्ट जाऊन दोन वर्षं झाली होती. तिने चहा टाकला, केक कापला, आणि मी कागद काढून विचारलं, “एल्सा, तू दवाखान्यात यायची का थांबलीस गं?”

ती म्हणाली, “आता एवढ्या वर्षांनी विचारतेस?”

“कंपनीला पाहिजे आहे.”

“कंपनीला सांग, हॉर्शमच्या दवाखान्यात गाडी लावायला जागा चांगली मिळते.”

मी पेन खाली ठेवलं. मग तिने सांगितलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, बर्ट कसा आहे? ती म्हणाली, डॉक्टर, बर्ट गेला ना, तुम्हीच तर होता शेवटी. डॉक्टरांनी हात धरून दुःख व्यक्त केलं. रक्तदाब बघितला आणि पुन्हा विचारलं, बर्ट कसा आहे? तिने पुन्हा सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा तेच पाणी, जणू आत्ताच ऐकलं.

“औषध लिहून देताना तिसऱ्यांदा विचारलं,” एल्सा म्हणाली. “मी म्हटलं, बरा आहे डॉक्टर. मेंढ्यांकडे गेलाय. किती खूश झाले ते! म्हणाले, त्याला माझा निरोप सांग. मी गाडीत बसून रडले आणि परत आले नाही. पुन्हा खोटं बोलायची ताकद नव्हती माझ्यात.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला?” ती म्हणाली. “तू तर दारावर पहारा देत होतीस.”

क्लॅरीला एकाच आठवड्यात फ्लूची लस दोनदा टोचली होती. दुसऱ्यांदा त्याने बाही वर केली आणि काही बोलला नाही. “माझी चारही पोरं त्यांच्या हातावर जन्मली, ग्लेन. त्यांना तोंडावर कसं सांगू?” बाकी बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने हेच. कोणाला चुकीच्या नावाने हाक, कोणाला तीच गोष्ट पाच मिनिटांत पुन्हा. एकानेही तक्रार केली नाही. हॉर्शमला पाऊण तास गाडी हाकत गेले आणि रस्त्यात डॉक्टर भेटले की टोपी काढून पावसाचं बोलले. एक्केचाळीस घरांना ठाऊक होतं, मेरे. सगळ्यांनी माया म्हणून तोंड बंद ठेवलं. एकटी तू बोललीस.

शेवटचं घर नेव्ह श्रॅमचं होतं. तिथे जायला मला चार दिवस लागले. तीनदा त्याच्या फाटकापर्यंत जाऊन गाडी वळवली. नेव्ह आता ऐंशीचा आहे, धडधाकट आहे, कुत्रीही तशीच भुंकते आहे, वेगळी कुत्री, पण तशीच. तो म्हणाला, “त्या नर्सबाईने मला स्वतःच्या गाडीत घालून हॉर्शमला नेलं. नाकातून रक्त थांबत नव्हतं, तिची सीट सगळी खराब झाली. आणि लोक म्हणत होते, चूक तिचीच. खरं काय होतं गं, ग्लेन? तुला माहीत असेल.”

मी म्हटलं, माहीत आहे.

आता तुला लिहिते. जे तुला माहीत आहे तेही लिहिते, कारण ते माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असायला हवं.

त्या शुक्रवारी नेव्हचा रक्ताचा रिपोर्ट आला. रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिला, आठ. नेव्ह कायम तीन घ्यायचा. तू चिठ्ठी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिलीस आणि विचारलंस, “आठ? नक्की ना डॉक्टर?” ते म्हणाले, “आठच. मी काय नवशिका आहे?” माझी काउंटरची खिडकी उघडी होती. मी शब्दन् शब्द ऐकला. तू नेव्हला फोन केलास. सोमवारी तो रक्ताने माखून दारात आला.

तू डॉक्टर-नर्सांच्या नोंदणी मंडळाला कळवलंस, त्यात स्वतःचंही लिहिलंस, की मला शंका आली होती तरी मी फोन केला. आणि मला आधी सांगितलंस. “ग्लेन, हे त्यांच्या विरोधात नाही. त्यांना कोणीतरी थांबवायला हवं.” मी तुला चहाच्या खोलीत, पाच पेशंटांच्या देखत, काय बोलले ते मी विसरलेले नाही. चौदा वर्षं या गावात राहिलेल्या बाईला मी ‘बाहेरची’ म्हणाले.

चौकशीचा माणूस यायच्या आदल्या दुपारी मी नेव्हच्या फाइलमधून ती चिठ्ठी काढली. नवी लिहिली. डोस तीन. त्या वर्षी मी त्यांच्या कितीतरी चिठ्ठ्या लिहून त्यांच्यापुढे सहीला ठेवायचे, तुला दिसत होतं ते. ही पण ठेवली, तारीख जुनी घालून. त्यांनी न वाचता सही केली आणि विचारलं, “आज दुपारी अजून कोण आहे?” मी जुनी चिठ्ठी मागच्या शेगडीत टाकली. जबाबात सांगितलं की नर्सने तीनचे आठ वाचले आणि मी त्यांच्या दारात काही बोलणं ऐकलं नाही.

तुझ्या नावापुढे ताकीद लागली. तुझ्या निरोपाला कोणी आलं नाही. मीही आले नाही. मी खिडकीतून तुझी गाडी जाताना पाहिली.

का केलं? मी स्वतःला सांगत आले की डॉक्टर गेले तर दवाखाना जाईल, दवाखाना गेला तर गाव जाईल. माझा नवरा डेस मरणाला टेकला होता तेव्हा ते महिनाभर रोज दुपारी घरी येऊन त्याच्याशी पत्ते खेळले, ते मी विसरू शकत नव्हते. हे सगळं खरं आहे. पण तू एकदा हसत विचारलं होतंस, “ग्लेन, तू त्यांच्यासाठी कायम पावडर लावून येतेस का?” आणि मी रागावले होते. ते पण खरं आहे. त्यांना कधी कळलं नाही. मी कळू दिलं नाही. एवढी वर्षं एक गोष्ट झाकून ठेवायची सवय असली की दुसरी झाकणं सोपं जातं.

आणखी एक आहे, आणि हे तुला माहीत नाही. तू गेल्यावर महिन्याभराने एका दुपारी डॉक्टर काउंटरपाशी आले, टोपी हातात. म्हणाले, “ग्लेनिस, मेरेओनीने लिहिलं ते खरं असेल का? मला त्या शुक्रवारचं काहीच आठवत नाही.” मेरे, त्यांनी स्वतः विचारलं. त्या क्षणी मी हो म्हटलं असतं तर सगळं सरळ होऊ शकलं असतं, तुझंही आणि त्यांचंही. मी म्हटलं, “काहीतरीच काय डॉक्टर! तुम्ही दमलात, घरी जा.” ते म्हणाले, “तू म्हणतेस तर तसंच असेल.” आणखी सात महिने त्यांनी पेशंट पाहिले. पुढची वीस घरं त्या सात महिन्यांत सुटली आहेत. केटलिनच्या तक्त्यात महिना आणि तारखेसकट आहे ते.

ते २०१६ला गेले. शेवटी मला ओळखत नव्हते.

मी गेल्या मंगळवारी मंडळाला पत्र लिहिलं. काही न गाळता. प्रतिज्ञापत्रावर औषधवाल्याच्या समोर सही केली, त्याला तसा अधिकार आहे. एल्सा, क्लॅरी आणि नेव्ह तिघांनी आपापलं लिहून दिलं. नेव्ह म्हणाला, “माझं सगळ्यात वर ठेव.”

ग्लेनिस


मिरानूक
२१ ऑगस्ट २०२३

मेरे,

तुझं कार्ड मिळालं. समुद्राचं चित्र, आणि मागे दोनच ओळी. ‘मंडळाचं पत्र आलं, ताकीद काढली आहे. नेव्ह अजून त्या गोळ्या घेतो का, आणि रक्त दर महिन्याला तपासतो ना?’

मी ते नेव्हला नेऊन दाखवलं. त्याने चष्मा लावून तीनदा वाचलं. “तिला लिही, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, एकदाही चुकवलेलं नाही,” म्हणाला, आणि मग मान वळवून बराच वेळ कुत्रीशीच बोलत बसला. तर हे त्याचं उत्तर.

माझ्याबद्दल त्या कार्डावर काही नव्हतं. मी ते मागे-पुढे उलटून बघितलं, ही माझी खोड.

इकडचं सांगते. मंडळाला पत्र टाकायच्या आधी मी बेरिलकडे गेले होते. डॉक्टरांच्या बायकोला ते दुसऱ्या कोणाकडून कळायला नको होतं. ती आता चौऱ्याऐंशीची आहे, बागेत खुर्चीवर बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुला काय वाटलं, मला ठाऊक नव्हतं? शेवटचं वर्षभर रोज सकाळी त्यांच्या बुटांच्या नाड्या मी बांधत होते.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू काही बोलत नव्हतीस म्हणून,” ती म्हणाली. “मला वाटायचं, ग्लेनिस तिथे आहे, काही बिनसलं असतं तर तिने सांगितलं असतं. दवाखान्यात गेले की ते ठीक असतात.”

आणि मी समजत होते, घरी ठीक असतात, नाहीतर बेरिल बोलली असती.

आम्ही दोघी बागेत बसलो. एकमेकींकडे बघवत नव्हतं. निघताना ती म्हणाली, “त्या बाईला आपण सगळ्यांनी मिळून घालवलं. माझं नाव पण घाल पत्रात.” मी घातलं नाही. ती सही माझ्या एकटीची होती.

गावात कळलंच. मला वाटलं होतं लोक डॉक्टरांच्या आठवणीला डाग लावला म्हणून तोंड फिरवतील. काहींनी फिरवलं. चर्चमध्ये माझ्या बाकावर दोन रविवार कोणी बसलं नाही. तिसऱ्या रविवारी क्लॅरी येऊन बसला, पुस्तक उघडलं आणि म्हणाला, “सरक थोडी.” बस, एवढंच. बहुतेकांना हलकं वाटलं असावं. आता दुकानात, पंपावर, लोक डॉक्टरांबद्दल पहिल्यांदाच पूर्ण बोलतात. आधी सगळे २०१० पर्यंतच्या गोष्टी सांगून थांबायचे. आता कोणी म्हणतं, शेवटी शेवटी मला ते माझ्या बापाच्या नावाने हाक मारायचे, आणि सगळे हसतात, डोळे पुसतात. तुझंही नाव निघतं. एल्साने विचारलं, ती सोमवारी गायची ते गाणं कोणतं होतं? कोणालाच शब्द येत नव्हते.

मी नोकरी सोडली. कंपनीने सांगायच्या आत सोडली, पण ते सांगणार होतेच. मंडळाने मला पुढच्या महिन्यात मेलबर्नला बोलावलंय, खोट्या जबाबाबद्दल. वकील म्हणतो, वय बघतील. मी त्याला म्हटलं, वय बघू नका म्हणावं, माझं तेव्हा एकोणसाठ होतं, चांगली शुद्धीत होते.

जायच्या आधी यादी पुरी करून दिली. केटलिन शेजारी बसली होती. एक्केचाळीस ओळींतलं ‘माहीत नाही’ मी एकेक करून खोडलं आणि लिहिलं, ‘डॉक्टर आजारी होते. कोणी बोललं नाही.’ कॉपी करून एकदम चिकटवता येतं म्हणे. मी प्रत्येक ओळ टाइप केली. शेवटी केटलिनने विचारलं, “परत येतील का, हा रकाना?”

मी फोन करून विचारलं होतं. सोळा घरं हो म्हणाली. एल्सा येते म्हणाली, नव्या डॉक्टरला पावसाचं शिकवायला. ते भरलं.

मग मी केटलिनला विचारलं, “दवाखाना सोडून गेलेल्या पेशंटांसाठी रकाना आहे. दवाखान्याने घालवलेल्या माणसांसाठी आहे का?”

ती म्हणाली, “नाही. का?”

“एक आहे,” मी म्हटलं.

ती बिचारी पोर, तिने खरंच शेवटी एक ओळ वाढवली आणि विचारलं, नाव? मी सांगितलं. शेवटची भेट? सांगितली. कारण? तेही सांगितलं, तिने सगळं टाइप केलं. परत येतील का, यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, ते विचारायचा मला हक्क नाही. मोकळं ठेव.

मेरे, मी माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून मी पुष्कळ घेतलं आहे. तुझं कार्ड मी स्वयंपाकघरात ठेवलं आहे, अक्षराची बाजू वर करून. एवढं राहू दे.

पत्राखाली ‘तुझी’ लिहायची मला फार सवय होती. या वेळी तो शब्द तुझ्यावर सोडून, नुसतीच

ग्लेनिस